बाटल्या परत

कॉटन मार्केटात टमाटर मातीमोल झाले तेव्हा
मी दोन कॅरेट उचलले.
भिवापुरी मिरची, लसूण, व्हिनेगर थोडंच,
ह्यांना आंबट वास आवडत नाही.
तिथंच पहिली चूक. कळली मे महिन्यात.

सात बाटल्या भरल्या,
मधाच्या, सरबताच्या, एक काकवीची.
उकळल्या नाहीत, नुसत्या विसळल्या:
त्या दिवशी नळ साडेनऊलाच गेला.
चिठ्ठ्या चिकटवल्या. सॉस, घरचा.
तारीख लिहिली नाही. घरच्याला तारीख कशाला.

नागपुरात मेमध्ये पापड काय, माणूसही वाळतो.
भिंतीवरचं कॅलेंडर गोल होऊन खाली पडतं.
इथं कशाला धरणार बुरशी, म्हणत
मी माझी बाटली कूलरसमोर ठेवली.
फ्रिजमध्ये आमरसाचं पातेलं होतं.
कूलर रात्रभर वाळ्याचा वास फेकत राहिला,
आणि ओल.
थंड म्हणजे सुरक्षित, असं मी धरून चालले होते.

फोडल्यापासून एकविसाव्या दिवशी झाकण फिरवलं:
मांजराच्या पिल्लाच्या कानासारखं
करडं, हिरवट, मऊ.
इतकं नाजूक, की क्षणभर हात लावावासा वाटला.

"वरचं काढून टाक, खालचं चांगलंच असते,"
हे पेपरातून डोकं न काढता बोलले.
चमचा हातात होता माझ्या.
दिसतं ते तिचं फूल. धागे कधीच खाली गेलेले असतात,
पातळ पदार्थात तर कुठवर, कोण मोजणार,
हे मी दरवर्षी शिकवते, आठवी ब ला,
पावाच्या तुकड्यासकट.

सहा बाटल्या बाहेर होत्या.

दुपारी चारला दुपट्टा डोळ्यांपर्यंत बांधला,
स्कूटीची सीट तवा झालेली.

गभणेकाकू म्हणाल्या, "आमची तं कवाच संपली बापा,
पोट्ट्यांनी भज्यासंग हाणली. काहीच नाही झालं.
अजून एखादी असन तं दे."

निखाडे सरांनी बुरशी खरवडून
पुन्हा उकळून ठेवला होता. अभिमानानं दाखवला.
उकळून ती मरते सर, तिनं सोडलेलं विष मरत नाही.
"वीस वर्षं लोणचं असंच खाऊन राहिलो आम्ही."
बाटली दिली. पण पाहिलं असं,
जसं मी लोणच्याला नाही, वीस वर्षांना नाव ठेवलं.

पल्लवीच्या बाटलीत ओला चमचा उभा.
महालातल्या दोन गटारात गेल्या, माझ्यादेखत.

राहिली गोकुळपेठेतली, थोरल्या जाऊबाईंची.
ती मी पाठवली होती, द्यायला गेले नव्हते.
प्लॉटच्या सहीनंतर चार वर्षं बोलणं नाही.

"सॉसला बुरशी लागली, बाटली परत द्या."
रस्ताभर पाठ केलं होतं, तेवढंच बोलले.
त्या आत गेल्या.
फ्रिज उघडल्याचा, मग बराच वेळ न मिटल्याचा आवाज.
बाटली आणली. बाहेरून घाम,
आत लालभडक, डाग नाही एक.
झाकणावरची चिकटपट्टी तशीच.

"फोडलीच नाही," मी म्हटलं.

"अल्सर आहे मला. दिवाळीपासून तिखट बंद."
मग म्हणाल्या, "तारीख नव्हती. मीच टाकली,
आली त्या दिवसाची."
माझ्या अक्षराखाली त्यांचं तिरपं: अकरा मार्च.

"पन्हं घेतेस? आजचंच आहे."
घेतलं. उभ्यानंच. गोड जास्त होतं.

घरी येऊन सगळं ओतलं, तीही बाटली.
"हिच्यात काय वाईट होतं?" ह्यांनी विचारलं.
दिसत काहीच नव्हतं.
एकाच पातेल्यातलं, इतकंच.

मोठ्या गंजात बाटल्या उकळायला घातल्या,
दहा मिनिटं, घड्याळ लावून.
चिठ्ठ्या सुटून वर आल्या, शाई पाण्यात गेली.

एक मी आधीच सोलून घेतली होती.
ओट्यावर वाळते आहे,
कूलरपासून लांब.